गरमीच्या डब्याची नळी

भंडारा जिल्ह्यात बोटीला हीटर बसवला असं कुणाला सांगितलं, की तो आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. त्याचंही चूक नाही. आमच्याकडे मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं यावरून सख्खे भाऊ भांडतात. अशा मुलखात माझ्यासारखा शहाणासुरता माणूस केबिनमध्ये गरम हवा यावी म्हणून डिझेलच्या नळीशी झोंबतो, म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार. पण ज्यांना हसायचं त्यांनी जानेवारीत पहाटे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर जरा बसून दाखवावं, मग बोलू. तिथला वारा स्वेटरला विचारत नाही. नाकाचा शेंडा आपलाच आहे का, हे हात लावून पाहावं लागतं.

माझा धंदा डिझेलचा. पवनीत दुकान आहे. ट्रॅक्टरचे, थ्रेशरचे, पाण्याच्या इंजिनांचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करतो. आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळे मासे धरत. वडिलांनी जाळं सोडून पाना धरला आणि मी तोच पुढे चालवला. बायको मात्र मासे धरणाऱ्या घरातूनच आलेली. तिचं माहेरचं गाव धरणात गेलं आणि माणसं वरच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला आली. माझे सासरे आधी डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, नदीत मासे धरायचे, मग धरणात धरू लागले. पाणी वाढलं, एवढंच झालं, असं ते म्हणत.

मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ते परत येतील का, हे काही दिवस आम्हालाच माहीत नव्हतं. आले. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की आता थंडीत पाण्यावरचा वारा घ्यायचा नाही, यंदाही नाही आणि पुढच्या हिवाळ्यातही नाही. जन्मभर कुणाचं काही न ऐकलेल्या या माणसानं डॉक्टरांचं ऐकलं, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. ते घरासमोरच्या ओट्यावर बसले ते बसलेच. उन्हाळ्यात जाता आलं असतं, तरी गेले नाहीत. "आता कायले?" एवढंच म्हणाले. जाळी मुलाला देऊन टाकली. भात अर्धा झाला, मग पाव झाला. सासूबाईंचा रोज फोन यायचा आणि माझ्या बायकोचं तोंड उतरायचं. दुसरा हिवाळा लागला तेव्हा ती मला स्पष्टच म्हणाली, "बाबाले आजारानं नाही मारलं. पन हा ओटा मारन."

तिनंच मग तो व्हिडिओ शोधला. कुठल्याशा बर्फाळ मुलखात एक ट्रक ड्रायव्हर नुसत्या बनियनवर केबिनमध्ये चहा पीत बसला होता आणि बाहेर काचेवर बर्फाचा थर होता. तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"हे का आहे जी?"

"डिझेलचा हीटर."

"तुमाले बसवता येते?"

डिझेलचं अमुक एक मला येत नाही, असं बायकोसमोर म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. "त्यात का आहे?" असं म्हणालो आणि फसलो.

माझ्या साळ्याकडे लोखंडी बोट आहे. मागं डिझेल इंजिन, मधे पत्र्याची केबिन आणि केबिनला काचा. हिवाळ्यात नागपूरकडचे लोक पक्षी पाहायला येतात, त्यांना तो पाण्यावर फिरवून आणतो. बाकीच्या वेळी त्याच बोटीनं मासे धरतो. हीटर लागला तर पाहुणे खूश होतील, हे आमचं बाहेर सांगायचं कारण. खरं कारण ओट्यावर बसलं होतं.

धानाची मळणी आटोपली, दुकानातली थ्रेशरची गर्दी ओसरली, तेव्हा मी हत्यारं घेऊन सासुरवाडीला पोचलो. डबा पार्सलनं आधीच आला होता. बुटांच्या खोक्याहून जरासा मोठा. त्यात डिझेल थेंबाथेंबानं येतं आणि आतल्या आत जळतं. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो, धूर बाहेरच सोडतो. केबिनमधली हवा नुसती त्याच्या अंगावरून जाते आणि तापून परत येते. धुराचा आणि माणसाचा संबंध येत नाही. तो येऊ नये म्हणून धुराची नळी मी स्वतः बोटीच्या बाजूनं, पाण्याच्या बरीच वर बाहेर काढली आणि तिचे सांधे असे आवळले की साळा म्हणाला, "भाऊजी, आता बोट तुटन, पन हे नाही निंघनार." बंद केबिनमध्ये धूर कोंडला तर काय होतं हे मला माहीत आहे, त्यामुळे त्या बाबतीत मी कुणाची थट्टा ऐकून घेत नाही.

डबा बसवणं तसं सोपं. खरी गोम त्याला डिझेल पोचवण्यात आहे. पार्सलमध्ये प्लास्टिकची एक लहान टाकी दिली होती. मी ती सासूबाईंना देऊन टाकली. बोटीत दोन टाक्या ठेवल्या की त्यातली एक ऐन वेळी रिकामीच निघते, हे मी गिऱ्हाइकांकडे पाहत आलो आहे. मी ठरवलं की इंजिनाच्याच टाकीतून डिझेल घ्यायचं. टाकी मागच्या बाकाखाली होती. ती रिकामी केली, धुतली, वरच्या पत्र्याला भोक पाडलं. भोक पाडताना ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, म्हणजे लोखंडाचा कीस ग्रीसला चिकटतो, टाकीत पडत नाही. मग भोकातून तांब्याची बारीक नळी आत सोडली. इथं साळ्याचं आणि माझं पहिलं भांडण झालं.

इंजिनाची नळी टाकीच्या तळाजवळ पोचते. मी हीटरची नळी तिच्याहून चांगली वीतभर आखूड कापली. साळ्याला ते पटेना.

"पार खालवर सोडा नं भाऊजी. अर्धं डिझेल तं तसंच राहीन."

"राहू दे."

"काहून?"

"अबे, डिझेल संपत आलं तं आधी गरमी बंद पडली पायजे, इंजिन नाही. तुले भर पान्यात गरम बसून रडाचं आहे का?"

तो गप्प झाला. साळ्याला गप्प करण्यात एक वेगळंच समाधान असतं, ते ज्यांना साळा आहे त्यांनाच कळेल.

टाकीनंतर फिल्टर आणि फिल्टरनंतर पंप. पंप म्हणजे जाड बोटाएवढी एक धातूची कांडी, तिला दोन वायरी. करंट दिला की ती टक करते आणि एक थेंब पुढे ढकलते. एका ठोक्याला एक थेंब. गरमी वाढवली की ठोके जलद पडतात. ही कांडी आडवी लावायची नसते, नाक वर करून तिरपी लावायची, म्हणजे आत हवा आली तर निघून जाते. ते सगळं मी नीट केलं. बोटीच्या तळाला एक लोखंडी पट्टी होती, तिला पंप नट-बोल्टनं आवळून टाकला.

आणि मग नळी. पार्सलमध्ये पांढरी नायलॉनची नळी होती, सलाईनच्या नळीहूनही बारीक भोकाची. ती पाहून मला हसू आलं. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आमच्याकडे नळी जितकी जाड तितकी चांगली. तलावातून धानाच्या बांधीत पाणी घेताना कुणी बारीक पाइप लावला तर लोक त्याच्या घराण्याची चौकशी करतात. मी ती पांढरी नळी अंगणात भिरकावली आणि माझ्या दुकानातली ट्रॅक्टरची चांगली जाड, काळी डिझेल नळी जोडली. कशी दिसत होती म्हणून सांगू, एखाद्या मोठ्या कामाला जोडल्यासारखी.

बोट काठाला बांधलेली होती. बटण दाबलं. पंखा फिरला, पंप टकटक करू लागला, धुराच्या नळीतून पांढरा धूर आला आणि साळ्यानं टाळ्या वाजवल्या. मग डबा खोकला, पुन्हा धूर, पुन्हा खोकला, आणि बंद. काठावर जाळी सुकत घालणारी माणसं कामं सोडून गोळा झाली. मी पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मी डब्याला शिव्या दिल्या, ज्या देशातून आला त्या देशाला दिल्या, पेट्रोल पंपावरच्या डिझेलला दिल्या, आणि आणखी कुणी उरलं नव्हतं म्हणून साळ्यालाही दिल्या. गर्दीतला एक जण म्हणाला, "शेकोटी पेटवा नं जी, बोटीतच." मी पाना खाली टाकला आणि जेवायला म्हणून घरी निघून आलो.

वाटेतच मला कळलं होतं, फक्त ते स्वतःशी कबूल करायला घर येईपर्यंतचा वेळ लागला. पंप देतो थेंब. त्या जाड नळीत एक थेंब म्हणजे काहीच नाही. मधे हवेचे बुडबुडे राहतात, डिझेल एकदम येतं, मग बराच वेळ येतच नाही. डब्याच्या घशात कधी घोट तर कधी नुसती हवा. बारीक नळी दिली होती ती कंजूषपणानं दिली नव्हती.

अंगणात नळी नव्हती. मी गवतात पाहिलं, गोठ्यात पाहिलं. सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "पांढरी दोरी नं? मांडवाले बांधली." त्यांनी माझ्या डिझेलच्या नळीनं वालाच्या शेंगांचा मांडव आवळून बांधला होता, आणि वेलाचा शेंडाही तिच्यावर चढवून दिला होता. एक बरं, कापली नव्हती. लांब होती म्हणून कामाची वाटली, असं त्यांचं म्हणणं. मी गाठी सोडायला लागलो. ओट्यावरून सासरे माझ्याकडे पाहत होते. मी आल्यापासून ते काही बोलले नव्हते.

"मांडव पडन, जवाईबापू," ते म्हणाले, आणि पुन्हा समोर बघायला लागले.

मांडव पडलाच. मी सुतळीनं तो पुन्हा बांधला, सासूबाईंची बोलणी खाल्ली, नळीत तोंडानं फुंकर मारून पाहिली आणि जेवण न करताच काठावर गेलो. बारीक नळी जोडली, जिथं जिथं सांधा होता तिथं नळीचं टोक नळीला टेकवून घट्ट केलं, मधे हवेला राहायला जागाच ठेवली नाही. बटण दाबलं. थोडा धूर आला, मग धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला, आणि केबिनमध्ये ऊन हवा यायला लागली. साळा हात पुढे करून बसून राहिला. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. "आता बाबाले कसं आनाचं?" एवढंच म्हणाला.

हे नळीहून अवघड निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत आम्ही सगळे ओट्यासमोर उभे. साळ्यानं सांगितलं, बाबा, केबिन गरम आहे, वारा लागत नाही, चला. बायकोनं हात धरला. सासऱ्यांनी तो हळूच सोडवला.

"म्या का सवारी आहो?" ते म्हणाले. "काचेतून पानी पाहाले नागपूरची लोकं येतेत. मले कायले दाखवता?"

मला तर त्यांचा रागच आला. माझे हात डिझेलनं फाटले होते. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई घरातून बाहेर आल्या. नवं लुगडं, खांद्यावर शाल, पायात चप्पल.

"नोका येऊ," त्या म्हणाल्या. "मी चालली. जन्मभर तुमच्या डोंग्यात मासोऱ्या बसल्या, मले कधी बसवलं का? आज जवाई बसवून राहिला."

आणि त्या खरंच वाटेला लागल्या. सासरे थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग उठले, कानटोपी घातली, शाल गुंडाळली, कुणाचा हात न घेता मागोमाग निघाले. बायकोनं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, मी विचारलं नाही.

केबिन आधीच गरम करून ठेवली होती. दार लावलं, बोट निघाली. पाण्यावर धुकं होतं, काठावरची झाडं अर्धीच दिसत होती. आत मात्र सासूबाईंनी शाल काढून मांडीवर घेतली. सासरे काचेला लागून बसले, कानटोपी तशीच, हात मांडीवर. चेहऱ्यावर काही नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आणताना जीपमध्ये बसले होते तसेच बसले होते. मला वाटलं, एवढं करून आपण ओटाच पाण्यावर आणला.

बरंच आत आल्यावर साळ्यानं इंजिन बंद केलं. पुढे बदकांचा थवा बसला होता, सवयीनं तो थांबला. सगळं शांत झालं. आणि सासऱ्यांची मान एकदम वळली.

"कोन ठोकून राहिला?"

कुणीच ठोकत नव्हतं. मग मलाही ऐकू आलं. फळीखाली माझा पंप. टक, टक, टक. इंजिनाच्या आवाजात तो कळला नव्हता. मी तो बोटीच्या तळाला असा आवळला होता, की अख्खी लोखंडी बोटच प्रत्येक थेंबाला वाजत होती.

हे काय झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे मासे धरायची एक रीत आहे. आधी जाळं गोल टाकायचं, एक बाजू उघडी ठेवून. मग त्या उघड्या बाजूनं डोंगा आणायचा आणि काठीनं डोंग्याच्या अंगावर ठोके द्यायचे. आवाज पाण्याखाली जातो, मासे दुसरीकडे पळतात आणि जाळ्यात जातात. ठोका जाळं टाकल्यावरच. जाळं नसताना पाण्यावर कुणी ठोकत नाही, कारण तो दुसऱ्याचे मासे उधळतो. असा माणूस एक तर टवाळ असतो किंवा वैरी.

धुक्यातून आवाज आलाच. "कोन बे तो? कोन ठोकून राहिला?" एक डोंगा जवळ आला. त्यातल्या माणसानं काचेतून सासऱ्यांना ओळखलं आणि त्याचा राग जागीच विरला. "काका, तुमी होय?" म्हणाला आणि वल्हं मारत दूर निघून गेला. त्यानं आणखी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सासऱ्यांची मान खाली गेली. जन्मभरात त्यांना पाण्यावर कुणी हे विचारलं नव्हतं.

"परत फिरव," ते मुलाला म्हणाले. "मले घरी सोड."

"एवढाल्याशा आवाजानं का होते, मामाजी?" मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

"अठी वर लहान आहे जी," सासरे म्हणाले. "पान्यात मोठा आहे."

हीटर बंद करावा तर केबिन थंड, मग घरी जावंच लागणार. चालू ठेवावा तर ते बसणार नाहीत. आणि आज घरी गेले तर हा माणूस परत येणार नाही, हे बोटीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मला भीती वाटली. मी फळी उचलली, पालथा पडलो आणि पाना घेऊन माझेच आवळलेले नट सोडवायला लागलो. काल कुणी एवढा जोर लावायला सांगितला होता, असं स्वतःला विचारत होतो. शेवटी पंप पट्टीपासून सुटला. नळी आणि वायर पुरेशी लांब होती. मी पंप हातात धरला, नाक वर करून.

आवाज थांबला. म्हणजे बोटीसाठी थांबला, माझ्या तळहातात चालूच होता. मी बाकावर बसून दोन्ही हातांनी ती कांडी तिरपी धरून ठेवली. जरा हात खाली आला की डबा खोकायचा आणि बायको म्हणायची, "वर धरा नं जी." एवढी वर्षं डिझेलचा धंदा करून मी शेवटी एका पंपाचा खिळा झालो होतो.

साळ्यानं इंजिनाला हात घातला नाही. वाट पाहत राहिला. सासरे काचेतून बाहेर बघत होते, पण आता वेगळं बघत होते. काठावरचा एक उंच मोह, पलीकडची टेकडी, मग पुन्हा मोह. ओठ हलत होते.

"आपून आमराईवर आहो," ते म्हणाले. जुन्या गावाची आमराई खाली पाण्यात होती, आता नुसती झाडांची ठुटं, म्हणजे बुंधे. "जारं आहे का बोटीत?"

"आहे नं," साळा म्हणाला. जाळं त्याच्या बोटीत कायमच असतं.

"मंग टाक. ठुटायपासून हटून टाक, नाही तं फाटन. मोहाच्या सुधीत सरळ धर अन् गोल घे."

साळा बाहेर उडीच मारून गेला. बायको त्याच्या मागून गेली आणि तिनं वल्हं उचललं. लग्नानंतर तिला वल्हं मारताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते मला यायचं नाही इतकं चांगलं येत होतं. सासरे काचेवर बोटांनी टकटक करून दिशा दाखवत होते. डावीकडे. अजून. बस. जाळं गोल गेलं, त्याच्या फुग्यांची ओळ पाण्यावर उभी राहिली, बोट उघड्या बाजूला आली.

सासरे माझ्याकडे वळले. "जवाईबापू, आता लावा ते तळाले."

"काय?"

"ते ठोकनं. लावा. दाबून धरा."

मी गुडघ्यांवर बसलो आणि पंप लोखंडाला टेकवून दाबला, नाक वर ठेवून. टक, टक, टक. बोट वाजायला लागली.

"हळू आहे. जलद नाही होत का?"

"गरमी वाढवावी लागन मामाजी."

"वाढवा नं मंग!"

बटण सासूबाईंच्या डोक्याशी होतं. त्यांनी मी सांगितलं तसं फिरवलं. ठोके जलद झाले आणि केबिनमध्ये वैशाख आला. सासूबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. माझ्या कपाळावरचा घाम पंपावर पडत होता. सासऱ्यांनी शाल फेकली, मग स्वेटरची बटणं सोडली, मग कानटोपी काढून बाकावर आपटली. "अजून!" ते ओरडले. "दाबा, सोडू नोका! हात कायले कापते तुमचा?" घरात मला ग्लाससुद्धा उचलू न देणारा हा माणूस मला वेठबिगारासारखा राबवत होता, आणि मी आनंदानं राबत होतो. बाहेर पाण्यात फुगे हलले. एक खाली गेला, दुसरा गेला.

"ओढ!" त्यांनी काचेवर तळहात मारला.

बहीण-भावानं जाळं ओढलं. फार नव्हते मासे. रोहू होते, एक चांगला मोठा कतला होता. सासरे दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. दाराबाहेर वारा होता. त्यांनी दार उघडलं नाही. काचेला कपाळ लावून ते पाहत राहिले, आणि त्यांचे हात आपोआप चालत होते, हात पुढे, मूठ बंद, मागे, पुन्हा पुढे. हातात काही नव्हतं. मला ते बघवेना. पंप धरून बसलो होतो म्हणून डोळेही पुसता आले नाहीत. सासूबाईंनी गरमी कमी केली.

जाळं आत आल्यावर ते हळूहळू येऊन बाकावर बसले. धाप लागली होती, पण खोकला नव्हता. मग त्यांनी वाकून माझ्या हातातली कांडी नीट पाहिली, नळी पाहिली, ती टाकीपर्यंत कुठून जाते ते बोटानं पाहिलं.

"याले खाली रबर लावा," ते म्हणाले. "सायकलच्या ट्यूबचा तुकडा. म्हंजे वाजनार नाही."

"लावतो जी. परत पोचलो का पक्कंच करून टाकतो."

"पक्कं नोका करू." त्यांनी मान हलवली. "काढता-लावता आलं पायजे. रोज लागन."

बाहेर जाळं झाडता झाडता बायकोचे हात थांबले. तिनं काचेतून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पंप नाक वर करून धरलेलाच होता. साळ्यानं इंजिन चालू केलं.